अण्णा, श्वास घ्या!

आमची बोटीची सहल अकरा दिवसांची होती. तिच्याबद्दल आम्ही गेलं दीड वर्ष बोलतोय! रोज सकाळी पोहून झालं की तलावासमोरच्या अमृततुल्यात चहा येतो, आणि चहाबरोबर कोणीतरी म्हणतं, "अरे, तो फ्रेंच बाईचा किस्सा सांगितला का यांना?" सांगितलेला असतो. चारदा सांगितलेला असतो. तरी पुन्हा सांगितला जातो आणि दर खेपेला त्यात एखादा शार्क वाढतो. परवा शब्बीरभाईंनी सांगितला तेव्हा त्यात चक्क वादळ आलं. मी तिथे हजर होते. वादळबिदळ काही नव्हतं, पावसाची एक सर येऊन गेली होती. म्हणून म्हटलं, हे सगळं आणखी फुगायच्या आत कोणीतरी लिहून ठेवलेलं बरं. मी दातांची डॉक्टर आहे, वेळेत साफसफाई करायची मला सवय आहे.

आधी मंडळी सांगते. आम्ही सकाळी सहाच्या बॅचचे चौघं. निरंजन माझा कॉलेजपासूनचा मित्र. वीस वर्षं अमेरिकेत सॉफ्टवेअर केलं आणि एके दिवशी नोकरी सोडून याने बेचाळीस फुटी शिडाची बोट घेतली. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम असला की बोट ग्रेनाडा बेटावर बांधून ठेवतो, पुण्यात आईकडे येतो आणि आमच्यात पोहतो. शब्बीरभाईंचं भवानी पेठेत कुकर, मिक्सर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान, तिसरी पिढी. आणि अण्णा. अण्णा धायरीचे, वय सहासष्ट. शेती होती, आता तिथे इमारती आहेत. पोहायला शिकले ते स्वतःच्या विहिरीत. ती विहीर पार्किंगसाठी बुजवली, तेव्हापासून ते रोज स्कूटरवरून आमच्या तलावावर येतात आणि "ह्यात क्लोरीन लई हाय" असं म्हणून पाण्यात उडी टाकतात.

*

पुण्यात "या एकदा घरी" असं म्हटलं की त्यावर "हो हो, येऊ की" एवढंच उत्तर द्यायचं असतं. नंतर कोणी कोणाकडे जात नाही आणि दोन्ही घरं समाधानी राहतात. ही पद्धत अनेक वर्षं उत्तम चालू आहे.

तर एका सकाळी निरंजन चहा पिता पिता म्हणाला, "या की एकदा बोटीवर सगळे!"

मी म्हटलं, "हो हो, नक्की."

शब्बीरभाई म्हणाले, "इन्शाल्ला."

अण्णांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कधी?"

निरंजनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे... फेब्रुवारीत वारा चांगला असतो तसा..."

"तारीख सांगा. मला घरी सांगाया लागंल."

अशी आमची सहल ठरली! निरंजनच्या आईने नंतर मला फोन करून विचारलं, "अगं, तो सहज म्हणाला होता ना?" मी म्हटलं, "काकू, आता उशीर झालाय, पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट मिळालीय."

त्याच आठवड्यात तलावाच्या पायऱ्यांवर बसले असताना मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला तिकडे नक्की काय बघायचंय?"

"तळ," अण्णा म्हणाले.

"कसला तळ?"

"कसला बी. आमच्या हिरीचा तळ मी हजारदा गाठला आसंल. घागर पडली, बादली पडली, की आण्णाला बोलवा. पण तळ गाठला की श्वास सपतो. लगीच वर यावं लागतं. बसून, निवांत, असा कधी बघितलाच न्हाई. वाटायचं, बघू कधीतरी. तर हीरच बुजली. आता हा निरंजन म्हनतो, पाठीवर हवेचं नळकांडं लावलं की अर्धा अर्धा तास खाली बसता येतं. मला एकदा तळाशी बसायचंय. मासेबिसे न्हाई दिसले तरी चालतील."

त्या दिवसापासून ही सहल माझ्यापुरती अण्णांची झाली. हृदयाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. त्यांनी अण्णांना पट्ट्यावर पळवलं, सगळं तपासलं आणि डायव्हिंगला हरकत नाही असं पत्र दिलं. अण्णांच्या पत्नी तारावहिनी यांनीही परवानगी दिली, त्यांच्या पद्धतीने. "पाण्यात उतरायला एवढ्या लांब जायचं? कॅनॉलला काय झालं व्हतं?"

*

निरंजनच्या बोटीचं नाव 'मुठा'. बंदरात सगळ्या बोटींची नावं स्वप्न, वारा, स्वातंत्र्य अशी, आणि त्यात ही आमची!

पहिल्या दिवशी नांगर उचलला, शिडं चढली, मी खाली स्वयंपाकघरात पोहे करत होते. वारा भरला आणि बोट एका अंगावर कलंडली ती कलंडलीच. पोह्यांची कढई एका बाजूला, फोडणीचे डबे दुसऱ्या बाजूला, मी मधे. मी शिडीवरून डोकं बाहेर काढून ओरडले, "निरंजन, अरे सरळ चालव ना जरा!"

"डॉक्टर, ही शिडाची बोट आहे. ती तिरकीच चालते."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

शब्बीरभाई तेव्हा कठड्याला धरून बसले होते, डोळे मिटून. डोळे न उघडता म्हणाले, "रिक्षासुद्धा वळणापुरतीच तिरकी होते हो." अण्णा मात्र खुशीत. ते त्या उतारावर पाय रोवून उभे राहिले आणि पोहे संपेपर्यंत तसेच उभे होते. म्हणाले, वाफ्यातल्या बांधावर उभं राहायची सवय असली की काही वाटत नाही.

*

बोटीवर गोड्या पाण्याची फार काटकसर. टाकीत असेल तेवढंच. निरंजनने पहिल्याच संध्याकाळी सभा घेतली. "आंघोळ समुद्रात करायची, साबणही तिथेच लावायचा. शेवटी गोडं पाणी अंगावर घ्यायचं, माणशी दोन लिटर. अमेरिकन पाहुण्यांना हे जमत नाही, भांडणं होतात. पुणेकरांकडून माझी अपेक्षा आहे."

मी कोथरूडची. मला दोन लिटरमध्ये नुसते केस ओले करता येतात. दुसऱ्याच दिवशी माझं पाच लिटरवर गेलं आणि निरंजनने टाकीचा काटा मला दाखवला, एक अक्षर न बोलता. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

शब्बीरभाईंनी दीड लिटरमध्ये भागवलं. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता आणि तांब्यात पाणी शिल्लक होतं.

"अण्णा, झाली आंघोळ?"

"झाली की. उरलंय त्यात गंजी खळबळतो."

निरंजन त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत राहिला. अण्णा म्हणाले, "बारा वर्सं टँकरवर काढलीत आमी. चहूकडं पाणी अन् आंघोळीला तांब्याभर! अक्षी घरच्यासारखं वाटाया लागलंय."

*

तिसऱ्या दिवशी एका छोट्या बेटावर भाजी घ्यायला उतरलो. रस्त्याच्या कडेला एक आजीबाई रंगीत छत्रीखाली आंबे आणि जायफळं घेऊन बसल्या होत्या. मी पुढे झाले, आंबा उचलला आणि इंग्रजीत विचारलं, "हे कसे दिले?"

आजी म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

मला वाटलं ऐकू कमी येतं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. आजींनीही आवाज चढवला, "गुड मॉर्निंग!"

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी माझ्या हातातला आंबा काढून घेतला, जागेवर ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागल्या! मागून निरंजन हळूच म्हणाला, "अगं, इथे आधी नमस्कार करायचा असतो. त्याशिवाय ते व्यवहार करत नाहीत."

मी दुकानात गिऱ्हाइकाचा असा पाणउतारा लहानपणापासून बघत आलेय. पण तो पुण्यात! त्यासाठी इतकी विमानं बदलावी लागतील असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा पुढे आले. डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "राम राम, मावशी!"

आजी खुलल्या. बसल्या जागेवरून त्यांनी एक रिकामा क्रेट अण्णांकडे सरकवला. अण्णा बसले. मग दोघं वीस मिनिटं बोलत होते, ते मराठीत, त्या त्यांच्या भाषेत. आंबा किती वर्षांनी धरतो इथपासून जावयापर्यंत सगळं झालं असावं. आम्हाला आंबे मिळाले. मला मात्र आजींनी शेवटपर्यंत क्रेट दिला नाही.

*

आता फ्रेंच बाईचा किस्सा, वादळाशिवाय.

चौथ्या दिवशी बोटीवरचा संडास बंद पडला. त्याला हातपंप असतो, आठ-दहा वेळा वरखाली केलं की सगळं बाहेर. तो पंप गळायला लागला. निरंजनने जाडजूड कॅटलॉग काढला आणि म्हणाला, "एक रबरी वॉशर गेलाय. फ्लोरिडाहून मागवावा लागेल. तीन आठवडे."

चार माणसं आणि तीन आठवडे! मी पोटावर हात ठेवला.

शब्बीरभाई उठले, आपल्या पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली. आत पाने, पक्कड, कानस. "तुम्ही सुट्टीवर येताना हत्यारं आणलीत?" मी विचारलं.

"डॉक्टर, तुम्ही आरसा आणलाय ना दात बघायचा?"

आणला होता.

गुंडाळीतून निघाला एक जुना कुकरचा गॅस्केट. शब्बीरभाईंनी तो कापला, घासला, तेल लावलं, बसवला. अर्ध्या तासात पंप नव्यासारखा. हात धुऊन निरंजनला म्हणाले, "सहा महिन्यांची गॅरंटी. त्याच्या आत गळला तर दुकानावर घेऊन या."

बोटवाल्यांच्या जगात बातमी रेडिओवरून पसरते. दुसऱ्या सकाळी आमच्या बोटीला दोन रबरी होड्या येऊन टेकल्या. एका जर्मन आजोबांचा पाण्याचा पंप, एका कॅनेडियन जोडप्याची शेगडी. शब्बीरभाईंनी डेकवर वर्तमानपत्र अंथरलं आणि दुकान मांडलं. मोबदला म्हणून आम्हाला एक भला मोठा ताजा मासा मिळाला आणि घरचा पाव.

शेवटी एक फ्रेंच बाई आली. होडीतून उभी राहून तिने दोन्ही हातांनी एक वस्तू वर दिली. शब्बीरभाईंनी ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि खाली बसले.

कुकर होता! शिट्टी अडकलेली.

"डॉक्टर," शब्बीरभाई म्हणाले, "आमच्या अब्बांनी सांगितलं होतं, बेटा, कुठेही जा, कुकर पाठ सोडणार नाही."

*

आणि आता अण्णांची गोष्ट, जिच्यासाठी आम्ही खरं तर आलो होतो.

पाण्याखाली न्यायला आम्हाला जोसेफीन होती. तिथलीच, पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. वीस वर्षं माणसांना पाण्याखाली नेते आणि सगळी परत आणते, अशी तिची ख्याती. मी आणि निरंजन आधीच कोर्स केलेले. शब्बीरभाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की कोणीतरी वर थांबलेलं बरं. राहिले अण्णा.

छातीभर पाण्यात तिने अण्णांना उभं केलं, पाठीवर सिलिंडर चढवला, तोंडात नळी दिली आणि पहिला नियम सांगितला. निरंजनने भाषांतर केलं, "अण्णा, पाण्याखाली श्वास धरायचा नाही. कधीच नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा."

अण्णांनी तोंडातली नळी काढली. "मग त्याला बुडी कशाला म्हनायचं?"

"अण्णा, नियम आहे."

"बरं," म्हणून अण्णा खाली गेले.

एकही बुडबुडा नाही. दहा सेकंद, वीस, चाळीस. पाणी नितळ होतं, अण्णा खाली वाळूवर गुडघे टेकून मजेत इकडेतिकडे बघताना दिसत होते. जोसेफीनने दोनदा खूण केली, त्यांनी दोनदा मान डोलावली. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. किनाऱ्यावरचे दोन कोळी टाळ्या वाजवायला लागले. शेवटी अण्णा वर आले, नळी काढली आणि अभिमानाने म्हणाले, "बघा, तुमची हवा वापरलीच न्हाई! नळकांडं भरलेलं तसंच परत!"

जोसेफीनने मास्क कपाळावर सरकवला. ती निरंजनला शांतपणे म्हणाली, "हा माणूस माझ्याबरोबर खोल येऊ शकत नाही."

तिचं बरोबर होतं. खोलातून श्वास धरून वर आलं तर छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. हे अण्णांना समजावायचं कसं? शब्बीरभाईंनी ते काम घेतलं. "अण्णा, शिट्टी बंद केलेला कुकर गॅसवर ठेवला तर काय होतं?"

"फुटतो."

"बस. तोच हिशेब."

अण्णांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला कळलं रे शब्बीर. माझ्या छातीला कळत न्हाई."

साठ वर्षांची सवय होती ती. विहिरीत उतरणाऱ्या पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच, की तोंड मीट आणि श्वास धर. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तीन-चार श्वास नीट घ्यायचे, मग एखादा खेकडा दिसला की सगळं विसरून श्वास बंद. जोसेफीन म्हणाली, "आणखी दोन दिवस बघते. नाही जमलं तर यांनी वरूनच मासे बघावेत."

निरंजनने हे मराठीत सांगितलं नाही. पण अण्णांना समजलं. ते बोटीच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. जेवायला बोलावलं तर "भूक न्हाई" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

त्या दुपारी मी आणि निरंजन डायव्हिंगला गेलो आणि मी आयुष्यातला सर्वांत सुंदर दवाखाना पाहिला. प्रवाळाच्या एका कपारीपाशी मोठमोठे मासे ओळीत थांबले होते. ज्याचा नंबर येईल तो पुढे सरकायचा आणि आ करायचा. बारीक कोळंब्या त्याच्या तोंडात शिरून दात साफ करायच्या. मासा हलायचा नाही, तोंड मिटायचा नाही, "डॉक्टर, दुखतंय" म्हणायचा नाही! नंबर सोडून कोणी पुढे घुसायचा नाही. मला त्यातल्या एका माशाला जवळ जाऊन विचारावंसं वाटलं की तू कर्वे रोडला येशील का.

वर येऊन मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. शब्बीरभाई हसून हसून लाल झाले. अण्णाही हसले थोडेसे. मग त्यांनी विचारलं, "अन् तळ कसा व्हता?"

दातांच्या नादात मी तळाकडे बघितलंच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारावहिनींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे धायरीत संध्याकाळ, वहिनी गॅलरीत मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. अण्णा श्वास धरतात, बाई खोल नेत नाही, अण्णा जेवले नाहीत.

वहिनींना जराही नवल वाटलं नाही. "ते तसंच हाय त्यांचं. मनाला काय लागलं की श्वास धरत्यात. हीर बुजवायला जेसीबी आला ना, तवा असंच उभं व्हते. सगळी मानसं बोलतायत, हे आपले गप. तोंड लालभडक झालेलं. मी चिमटा काढला तवा श्वास सोडला."

"चिमटा?"

"मग काय करू? पंचेचाळीस वर्सं मी तेच करतेय."

मी जोसेफीनला फोनपाशी आणलं. तारावहिनींनी तिला पदर सावरून नमस्कार केला आणि शेजारी बसलेल्या सुनेचा हात पुढे ओढला. "हितं बघा. दंडाला, आतल्या अंगाला. बारीक धरायचं, जास्त न्हाई."

"आई गं!" सून ओरडली.

"असं," वहिनी म्हणाल्या.

जोसेफीनने ते लक्ष देऊन पाहिलं आणि निरंजनच्या दंडावर करून बघितलं. निरंजनही ओरडला. "बरोबर," वहिनी तिकडून म्हणाल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्याने काही अडलं नाही.

मग आम्ही छातीभर पाण्यात अण्णांची शाळा पुन्हा भरवली. जोसेफीन त्यांना चिकटून बसलेली, नजर त्यांच्या तोंडावर. बुडबुडे थांबले की चिमटा! की लगेच भसाभसा बुडबुडे. पहिल्या दिवशी नऊ चिमटे झाले, वरून शब्बीरभाई मोजत होते. अण्णा दंड चोळत बाहेर आले. "ही बाई आमच्या हिच्यापरास जोरात काढती!"

दुसऱ्या दिवशी तीनच. पोरगं पहिल्यांदा एकटं सायकल चालवताना बघावं तसे आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो, श्वास धरून. हे शब्बीरभाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला चिमटा काढला.

जोसेफीन पाण्यातून बाहेर आली, केसांतलं पाणी निपटलं आणि म्हणाली, "उद्या. चाळीस फूट. वीस मिनिटं."

अण्णांना भाषांतर लागलं नाही. त्या रात्री ते तीन भाकऱ्या जेवले.

*

शेवटचा दिवस. सकाळचं ऊन, वारा पडलेला, पाणी काचेसारखं. 'मुठा'चा नांगर पांढऱ्या वाळूच्या एका मोकळ्या पट्ट्यावर टाकला होता, भोवती प्रवाळ. शब्बीरभाई मास्क लावून वर तरंगत होते. निरंजन आणि मी आधी खाली गेलो आणि वर बघत थांबलो.

अण्णा नांगराच्या साखळीला धरून उतरत होते, एकेक हात खाली सरकवत. जोसेफीन शेजारी. अर्ध्या वाटेत बुडबुडे थांबले. तिचा हात पुढे झाला, पण त्याच्या आधीच अण्णांनी श्वास सोडला. मग सगळी वाट बुडबुडे येत राहिले, एकामागून एक, सावकाश.

पाय वाळूला लागले. अण्णा एक क्षण नुसते उभे राहिले. मग वाकून त्यांनी पायातले फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंखे, काढले, दाराबाहेर चपला काढाव्यात तसे शेजारी शेजारी नीट ठेवले आणि मांडी घालून खाली बसले.

डावीकडून एक कासव आलं. निरंजनने हात हलवून दाखवलं. अण्णांनी मान वळवून बघितलं, पाहुण्याकडे बघावं तसं, आणि परत समोर बघायला लागले. समोर काही नव्हतं. वाळू होती, तिच्यावर उन्हाच्या रेषा हलत होत्या. त्यांनी तळवा वाळूवर ठेवला आणि ठेवूनच दिला.

मला रडू आलं. मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं, नाक पुसता येत नाही.

वीस मिनिटं झाली. जोसेफीन त्यांच्या समोर आली आणि अंगठा वर केला, म्हणजे चला, वर जायचं. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मान हलवली, नाही. तिने पुन्हा अंगठा वर केला. अण्णांनी शेजारची वाळू हाताने सारखी केली आणि तिच्यावर दोनदा थोपटलं.

जोसेफीनने त्यांचा हवेचा काटा बघितला. निम्म्याच्या वर हवा होती. तिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वरच्या बोटीकडे बघितलं.

मग तिने आपले फिन्स काढले, अण्णांच्या फिन्सशेजारी ठेवले आणि बसली.